पंप साताऱ्यात, पंक्चर भुईंजला: ग्रुपने लांब सायकल चालवायची तर काय काय ठरवून निघावं

आमची पहिली पुणे-गोवा राइड. अकरा जण, लीडर कोणी नाही, व्हॉट्सॲपवर दीडशे मेसेज आणि त्यातले एकशेवीस जर्सीच्या रंगावर. पहिल्याच दिवशी भुईंजच्या पुढे आमच्यातल्या एकाचं मागचं चाक बसलं. ट्यूब होती, टायर उचकटायचे लिव्हर होते, पंप मात्र ज्याच्या बॅगेत होता तो गडी तोवर साताऱ्याला पोचून लॉजच्या पायरीवर बसलेला. पायरीवर का, तर लॉजचं बुकिंग ज्याच्या नावावर तो इकडे पंक्चरवाल्याबरोबर. एका ट्रकवाल्याने बिचाऱ्याने गाडी थांबवून हवेचा पाइप काढून दिला पण त्याला आमचा बारीक वॉल्व्ह बसेना. शेवटी छोट्या टेम्पोत सायकल टाकून साडेचारला सातारा गाठला, आणि तोवर दुपारी बारालाच पोचलेले दोघं घामट कपड्यात साडेचार तास तसेच बसून, वर आम्हालाच म्हणतात, "काय रे, एवढा वेळ?"

त्यानंतर हा रस्ता अजून तीनदा केला, दरवेळी वेगळ्या माणसांबरोबर, आणि मधे थोड्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइड, शर्यत नव्हे) पण केल्या. त्यातून जे हाताला लागलं ते लिहितोय. रस्ता पुणे-सातारा-कोल्हापूर-आंबोली-पणजी असा धरलाय, चार दिवस, रोज साधारण ९० ते १२५ किलोमीटर. तुमचा रस्ता दुसरा असला तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी कागदावर गणित करा

ग्रुप जमला की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती ठेवायचं?" चुकीचा प्रश्न आहे हा. पुणे ते सातारा साधारण ११५ किलोमीटर धरा. २० च्या स्पीडने सलग चालवलं तर पावणेसहा तास, २४ ने चालवलं तर पावणेपाचला थोडं वर. म्हणजे जीव काढून चार किलोमीटरने स्पीड वाढवला तर दिवसाकाठी वाचतो एक तास. आता थांबे बघा. आठ जण, पाच थांबे, प्रत्येक थांबा पंधरा मिनिटांचा ठरलेला आणि होतो चाळीसचा, कारण एकाचा चहा संपतो तेव्हा दुसऱ्याला बाथरूम आठवते, दुसरा येतो तेव्हा तिसरा फोनवर असतो. पाच वेळा पंचवीस मिनिटं म्हणजे दोन तास पाच मिनिटं गेली, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत कारण स्ट्रावा ॲप मूव्हिंग टाइमच (चाक फिरतं तेवढाच वेळ) कौतुकाने दाखवतं.

म्हणून एकत्र राहायचं की फास्ट जायचं हे भांडणच मुळात खोटं आहे असं माझं मत. वेळ सीटवर कमी जातो, टपरीवर जास्त जातो, आणि एकमेकांची वाट बघण्यात तर सगळ्यात जास्त. ग्रुप जितका विखुरतो तितकी वाट बघणं वाढतं.

दुसरं गणित वाऱ्याचं. सपाटीवर वारा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाच्या हिशोबात वाढते, २० वरून २५ वर गेलात की वाऱ्यापुरती ताकद जवळजवळ दुप्पट. जो एकटा पुढे पळतो तो हे सगळं स्वतःच्या पायातून देतो. पाठीमागे चिकटून चालवणाऱ्याची त्याच स्पीडला साधारण पाव हिस्सा ताकद वाचते, नीट चिकटला तर जास्तच. म्हणजे तिघं-चौघं शिस्तीत एका लाइनीत असतील तर त्यांचा २२ हा एकट्याच्या २२ पेक्षा खूप स्वस्त पडतो आणि तो तिसऱ्या दिवशीपर्यंत पुरतो.

माणसं किती आणि कोण

अकरा जण एका लाइनीत चालवणं विसरा. रॅन्दोनिअरिंगवाल्यांचा (म्हणजे बीआरएमसारख्या राइड करणाऱ्यांचा) फ्लेश नावाचा प्रकार आहे (मांसाशी संबंध नाही, फ्रेंचमध्ये बाण), १९४७ पासून फ्रान्समध्ये ईस्टरला होतो. त्यात टीम ३ ते ५ सायकलींचीच लागते, २४ तासांत किमान ३६० किलोमीटर, कुठेही एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि निदान तीन सायकली एकत्र शेवटाला पोचल्या तरच टीम पास. गंमत बघा, ३६० भागिले २४ म्हणजे थांबे धरून फक्त १५ चा स्पीड. एकट्याने काहीच अवघड नाही, पण तीन ते पाच जणांची झोप, भूक, पोट आणि मूड २४ तास एकत्र धरणं हीच खरी परीक्षा आहे. आपल्याकडेही बीआरएम करणारे लोक फ्लेश करतात, आणि त्यांच्यातले अर्धे सांगतील की पाय नाही, डोकं दुखलं.

तर आठ जण असाल तर चार-चारचे दोन गट करा. फास्ट गट आणि स्लो गट असे पाडू नका प्लीज, हीच चूक सगळे करतात. मग फास्ट गट दुपारी साताऱ्यात आणि स्लो गटात पंक्चर काढता येणारा एकही माणूस नाही. प्रत्येक गटात एक दमदार, एक अनुभवी (हा दमदार असेलच असं नाही, बऱ्याचदा पन्नाशीतले काका असतात आणि ते कधीच थकत नाहीत, का ते देवाला माहीत) आणि दोन बाकीचे. दोन्ही गट आपापल्या चालीने चालवतील आणि ठरलेल्या जागी भेटतील.

निघायच्या तीन-चार आठवडे आधी याच चौघांनी मिळून निदान एक शंभरची राइड करा. सिंहगड चढून येणं ही प्रॅक्टिस नाही, तिथे प्रत्येक जण एकटाच असतो. पुणे-शिरवळ-पुणे करा, साधारण शंभर होतात, आणि त्यात कोण चढावर मागे पडतो, कोण उतारावर घाबरतो, कोणाला दर तासाला थांबावं लागतं हे सगळं कळतं. कोणी थापा मारल्या असतील तर त्या पण कळतात.

सामान वाटून घेणं

दोन ट्यूब आणि दोन-तीन लिव्हर ज्याचे त्याच्याकडे, यात वाटणी नाही. बाकीचं गटात वाटा: पंप, मल्टिटूल, चेन तोडायचं टूल आणि क्विक लिंक (चेन परत जोडायची कडी), पंक्चर किट, जुन्या टायरचा हातभर तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला, हजार रुपयांचं काम करतो). डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तो आपला आपण घ्या.

पंप कायम शेवटच्या माणसाकडे ठेवायचा. पंक्चर कोणाचंही झालं तरी शेवटचा त्याच्यापर्यंत पोचणारच, पुढचा मागे वळून येईलच असं नाही. आणि निघण्याआधी सगळ्यांचे वॉल्व्ह बघा, कोणाचा बारीक प्रेस्टा, कोणाचा मोटरसायकलसारखा श्रेडर, पंप दोन्हीला चालतो ना हे स्वतः हवा भरून बघा. "हो चालतो" यावर विश्वास ठेवू नका. ७०० सी आणि २९ इंची चाकांचा रिम एकाच मापाचा असतो, त्यामुळे अडीनडीला एकमेकांची ट्यूब चालून जाते, मात्र २६ आणि २७.५ वाल्यांनी आपली सोय आपण बघावी.

बुकिंग दोघांच्या नावावर ठेवा, प्रत्येक गटात एक. पैसे एकाने द्यायचे, रात्री हिशोब. प्रत्येक टपरीवर आठ जण आठ वेळा स्कॅन करत बसले की तिथेच दहा मिनिटं गेली.

पहिला तास

साडेपाचला निघायचं म्हणजे साडेपाचला पेडलवर पाय. डिसेंबरमध्ये पुण्यात उजाडायला सात वाजतात, तेव्हा पुढे-मागे लाइट चालू, आणि मागचा लाल लाइट ब्लिंकिंगवर नको, लाइनीत मागच्याच्या डोळ्यात जातो. फक्त शेवटच्याने ब्लिंक करावा.

पहिला तास सगळ्यांना २५ ने पळायचं असतं. थंड हवा, ताजे पाय, नवीन जर्सी. इथे लीडरने वाईटपणा घ्यायचा. नियम सोपा आहे, पुढच्याला सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि मागच्यालाही आलं पाहिजे. शेवटचा गप्प झाला की समजायचं स्पीड जास्त झाला. पुढे असलेल्याला आपण जोरात जातोय हे कळतच नाही, म्हणून शेवटच्याने ओरडून सांगायचं, लाजायचं नाही. फ्रान्समधला पॉल द व्हिवी, ज्याला वेलोसिओ म्हणायचे आणि ज्याच्या नावाने तो फ्लेश आहे, तो शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला की थांबे कमी आणि छोटे ठेवा, भूक लागायच्या आधी खा आणि मिरवण्यासाठी पेडल मारू नका. यातलं शेवटचं आपल्याला सगळ्यात अवघड जातं.

लाइनीत चालवणं

हे नीट वाचा, बाकी सोडलं तरी चालेल.

आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने पुढे जाऊ द्यायचं नाही. तो जरा जरी बाजूला सरकला आणि चाकाला चाक लागलं तर पडतो तो मागचा, पुढच्याला धक्का फक्त जाणवतो. नवीन लोकांनी एक सायकलभर अंतर ठेवा, वाऱ्याचा फायदा थोडा कमी होतो पण होतो. नजर त्याच्या चाकावर नाही, त्याच्या खांद्यावरून पुढच्या रस्त्यावर.

पुढच्याने अचानक ब्रेक मारायचा नाही, अचानक उभं राहून पेडल मारायचं नाही (उभं राहताना सायकल थोडी मागे येते, मागच्याला कळत नाही काय झालं), आणि खड्डा दिसला की हात करून बोट दाखवायचं आणि ओरडायचं. आमच्याकडे चारच शब्द आहेत: "खड्डा", "रंबलर" (रस्त्यावरचे आडवे उंच पट्टे), "थांबतोय" आणि शेवटच्याकडून "ट्रक". शब्द आला की प्रत्येकाने तो मागे पास करायचा, नाहीतर चौथ्याला खड्डा दिसतो तेव्हा तो खड्ड्यात असतो.

पुढे कोणी किती वेळ राहायचं यावर खूप वाद होतात. माझा हिशोब असा की वेळ सगळ्यांना सारखा नको, स्पीड सारखा पाहिजे. दमदार माणसाने वीस मिनिटं पुढे राहावं, कमजोराने दोन मिनिटं, किंवा अजिबात नाही. दमदार माणसं पुढे आली की स्पीड वाढवतात आणि त्यालाच मदत समजतात, मदत म्हणजे त्याच स्पीडने जास्त वेळ वारा खाणं. सगळ्यात कमजोर माणूस शेवटी ठेवू नका, दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरला ठेवा. शेवटच्याला लाइनीच्या आकुंचनाचा सगळा मार बसतो, पुढचा जरा हळू झाला की ब्रेक, जरा फास्ट झाला की पळापळ, आणि तो सुटला तर कोणाला दिसत नाही. शेवटी तोच अनुभवी काका, पंपासकट.

नंबर बदलताना परदेशी व्हिडिओत दाखवतात तसं उजवीकडे सरकून मागे येणं आपल्या हायवेवर करू नका, उजवीकडे ट्रक आहे. शोल्डर (रस्त्याची डावी कड) रुंद आणि स्वच्छ असेल, मागून काही येत नाही हे शेवटच्याने बघून सांगितलं असेल तर पुढच्याने डावीकडे दबून हळू व्हायचं आणि बाकीच्यांनी पुढे जायचं. नसेल तर पुढच्या थांब्यावर बदला, काही बिघडत नाही. तसंच आडवा वारा आला की तिरकी लाइन करायचा मोह होतो, तो शर्यतीत बंद रस्त्यावर ठीक आहे. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामामुळे डायव्हर्जन लागलं तर तिथे लाइन मोडून सुटं चालवायचं, धुळीत चिकटून चालवणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

चढ

चढावर सगळे नियम उलटे. दहाच्या स्पीडला वाऱ्याचा काही फायदा नाही, तेव्हा एकत्र राहायचा हट्ट सोडा. खंबाटकीचा चढ समजा चार किलोमीटर, एक जण दहाने चढला तर २४ मिनिटं, दुसरा सातने चढला तर ३४. फरक दहा मिनिटांचा, तेवढ्यात वरच्याचा घाम पण वाळत नाही. पण त्याच दुसऱ्याला दहाने ओढलंत तर तो वर येतो लालबुंद होऊन, मग वीस मिनिटं बसतो आणि पुढचे दोन तास पंधराने चालवतो. दमदाराला सातने चढायला लावलंत तर त्याचे गुडघे बोंबलतात. म्हणून चढ ज्याचा त्याचा, भेटायचं वर, आणि वर म्हणजे कुठे ते आधी ठरलेलं पाहिजे. शेवटचा पोचल्यावर लगेच "चला" म्हणू नका! ही सगळ्यात घाण सवय. आधी आलेल्यांची विश्रांती झालेली असते, ज्याला खरी गरज आहे त्याला शून्य मिनिटं मिळतात. त्याचं पाणी भरून ठेवा, तो आल्यावर पाच मिनिटं, मग निघा.

थांबे आणि खाणं

दर २५ किलोमीटरला किंवा दीड तासाला एक थांबा, दहा मिनिटं. नाश्ता आणि जेवण वेगळे, अर्धा आणि पाऊण तास. थांबल्या थांबल्या पहिलं काम पाणी भरणं, दुसरं बाथरूम, मग चहा, मग फोटो. याच क्रमाने. घड्याळ एकाकडे, आणि त्याने "दोन मिनिटं" म्हणलं की हेल्मेट डोक्यावर.

दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, दोन तासांतून एकदा त्यात ओआरएस. खाणं सीटवर बसून चालू ठेवा, एक केळं, दोन-तीन चिक्क्या, खजूर, दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं. ग्रुपमधे गोची अशी होते की कोणी एकटा "मला भूक लागलीय" म्हणत नाही, सगळे थांबतील तेव्हा खाऊ म्हणतो, आणि पेठ नाक्याच्या आसपास त्याचे पाय विझतात. मग तिघं मिळून एकाला भरवत बसतात. अनुभवी माणसाने दर अर्ध्या तासाला "खा रे" ओरडायचं, आईसारखं.

कोल्हापुरात दुसऱ्या रात्री तांबडा-पांढरा होणार, तिसऱ्या सकाळी मिसळ होणार, यावर मी लेक्चर देत नाही, मी पण खातो. फक्त त्यानंतर कागलपर्यंत हळू चालवा आणि पोटाला वेळ द्या.

कोणी मागे पडला, कोणी खचला

तिसरा दिवस, कोल्हापूर-निपाणी-उत्तूर-आजरा-आंबोली, हाच दिवस ग्रुप मोडतो. पहिल्या दिवशीची मस्ती उतरलेली असते, ढुंगण सोललेलं असतं, आणि आजऱ्याकडे रस्ता सतत वरखाली. कोणीतरी गप्प होतं. हे बघणं शेवटच्याचं काम. विचारायचं "ठीक आहेस ना" असं नाही, त्याला कोणीही "हो" म्हणतं. विचारायचं "शेवटचं काय खाल्लंस, कधी?" आणि "लघवीला कधी गेला होतास?" उत्तर आठवावं लागलं तर तिथेच थांबवून पाणी आणि खाणं, पंधरा मिनिटं सावलीत. दहातल्या सात वेळा तेवढ्यानेच माणूस परत येतो.

नाही आला तर? इथे मी जरा कडक आहे. टीमवर्क म्हणजे सगळ्यांनी सगळ्यात हळू माणसाच्या स्पीडने अंधारात पोचणं नाही. आदल्या रात्रीच ठरवा की दुपारी तीनला अमुक गावाच्या पुढे नसू तर जो मागे आहे तो टेम्पोने येणार, आणि त्याच्याबरोबर एक जण जाणार. वेळ आधी ठरलेली असली की कोणाचा अपमान होत नाही. ऐन वेळी ठरवायला गेलात की तो म्हणतो "मी करतो", बाकीचे म्हणतात "करू दे", आणि साडेसहाला अंधारात जंगलातल्या रस्त्यावर सगळे. डिसेंबरात सहाला सूर्य जातो, आंबोलीकडे झाडीत त्याआधीच काळोख वाटतो.

जाता जाता, टीम या शब्दाचा सायकलिंगमधला दुसरा अर्थ पण आहे. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीमने पूर्ण केली, साधारण ४८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत. पण तिथे एक जण चालवतो, दुसरा गाडीत विश्रांती घेतो, मागे अख्खा क्रू. त्यांचं वाचून भारी वाटतं, नियम मात्र आपल्याला लागू नाहीत, आपल्याकडे कोणी झोपलेलं नसतं, झोप आलेले सगळेच असतात.

आंबोली उतरताना आणि शेवट

चौथ्या सकाळी आठच्या आधी घाट उतरू नका, धुकं असतं. उतारावर लाइन नाही, ड्राफ्टिंग (पुढच्याला चिकटून चालवणं) नाही, दोघांत निदान वीस-तीस मीटर. ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा, दोन्ही ब्रेक. धबधब्याच्या आसपास माकडं असतात, हँडलबारच्या बॅगेत केळी दिसली की संपलं. सगळ्यात हळू उतरणाऱ्याच्या मागे कोणीतरी हवंच, तो घाबरून थांबला तर वळणावर थांबेल.

सावंतवाडीला पोटभर खा, बांद्याला पाणी भरा. पत्रादेवीला गोव्याची पाटी आली की फोटो होतील, अर्धा तास गेला समजा, भांडू नका. तिथून पुढे दमदार मंडळींना सोडा, चार दिवस त्यांनी वारा खाल्लाय, म्हापशापर्यंत पळू देत, फक्त भेटायची जागा ठरवून आणि उष्ण दमट हवेसाठी दोन बाटल्या भरून.

परतीला बहुतेक लोक ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकली टाकतात. पुढचं चाक काढा, डिरेलर वरच्या बाजूला येईल अशी झोपवा, मधे जुनी चादर किंवा गोणपाट घाला, दोरी सोबत न्या कारण त्यांच्याकडे नसते. आणि सायकलचं भाडं दुपारीच फोनवर ठरवा, ते एकानेच ठरवायचं. रात्री बस सुटायच्या वेळी आठ जण आठ बाजूंनी घासाघीस करायला लागले की क्लीनर सगळ्यात वरचा भाव धरतो आणि तोच सगळ्यांना लावतो.